मामांचा ठिपका

हे मी आजवर कुणालाच सांगितलं न्हाई. बायकोलासुद्धा न्हाई. मंग तुम्हालाच का सांगून राह्यलो? तुम्ही माझ्या मामींना ओळखत न्हाई, म्हणून असंल.

नव्वदच्या दशकात मी पुण्याला पीएचडी करत होतो. आमच्या आष्टीच्या घरात एवढं शिकलेला मी पहिलाच, त्यामुळं तोराही होता. विषय रक्ताच्या कॅन्सरच्या पेशी. ह्या आजारात औषध म्हणून एक हार्मोन देतात. ते पेशीत जिथं चिकटतं ती जागा म्हणजे रिसेप्टर. रिसेप्टर जितके जास्त, तितक्या पेशी औषधानं जास्त मरतात — एवढंच मला दाखवायचं होतं. आणि एकेका रुग्णाचा ठिपका आलेखावर कसा बराबर रेषेत बसत होता!

तेवढ्यात वडीगोद्रीच्या माझ्या मामांनाच तो आजार निघाला. मी दवाखान्यात गेलो, तर त्यांनी स्वतःच बाही वर सारली. म्हणाले, "घ्या भाचेबुवा, लागंल तेवढं घ्या. मी न्हाई वाचलो तरी माझं रगत कुणाच्या तरी कामी येऊ द्या."

मामांच्या पेशींत रिसेप्टर भरपूर निघाले. पण पेशी — मरायलाच तयार न्हाईत. तीनदा करून पाहिलं, तिन्हीदा तेच. सगळ्या रेषेपासून लांब एकटा ठिपका, मामांसारखाच हट्टी.

सरांना दाखवलं असतं तर सगळं काम पुन्हा उकरावं लागलं असतं. भ्यालो. कामाला भ्यालो, का माझी रेषाच खोटी निघंल म्हणून? काय की. वहीत लिहिलं — नमुना प्रवासात खराब झाला. खराब कुठला! बर्फाचा डबा मीच एसटीत मांडीवर धरून आणला होता.

मामांना ते औषध लागू पडलं न्हाई. थोड्याच महिन्यांत गेले.

प्रबंधाची एक प्रत मी मामींना दिली. त्यांना वाचता येत न्हाई. दर दसऱ्याला पोरांच्या वह्यापुस्तकांसोबत त्या तो प्रबंध पाटावर मांडतात, हळदकुंकू वाहतात, नातवंडांना म्हणतात, "पाया पडा रे, ह्याच्यात तुमच्या आज्याचं रगत हाय."

पोरं पाया पडतात. त्यांच्यामागून मीही वाकतो. ह्या दसऱ्यालाही वाकलो. त्या प्रबंधात मामा कुठंच न्हाईत. मीच त्यांना काढून टाकलं.