आजींच्या पाटीवरचं मधलं नाव

लायसन म्हटलं की आमच्या घाटकोपरच्या टेकडीवर लोकांना फक्त रिक्षा आठवते. त्यामुळे मी लायसनसाठी अर्ज करतेय ही बातमी फुटली, तेव्हा समोरच्या वहिनीने डोळे मोठे करून विचारलं, "या वयात? आणि चालवणार कुठे? इथे तर नुसते जिनेच जिने."

"गाडी नाही गं, वर्ग चालवणार. मोठ्या बायकांना लिहाय-वाचायला शिकवायचा वर्ग."

"ते तर तू आत्ताही शिकवतेसच की!"

बरोबरच होतं तिचं. दुपारी टेकडीवरच्या बुद्धविहाराचा हॉल रिकामा असतो. तिथे सतरंज्या टाकून मी वर्षभर बायकांना शिकवत होते. पण ती माझी हौस होती. प्रौढ शिक्षण चालवणाऱ्या संस्थेची मान्यता मिळाली, तर पुस्तकं मिळणार होती, बायकांना परीक्षेला बसवता येणार होतं आणि मी कागदोपत्री शिक्षिका होणार होते. खरं सांगायचं तर मला हे शेवटचंच हवं होतं. बाकीची कारणं मी अर्जात लिहिली.

शाळेत असताना आमच्या बाई वर्गात शिरल्या की सगळा गोंगाट आपोआप थांबायचा. मला तसं व्हायचं होतं. वडील गावाहून मुंबईला आले ते मुलांना शिकवायचंच या एका हट्टाने, त्यामुळे घरात विरोध नव्हता. पण बारावीनंतर लग्न झालं, मग मुलगी झाली आणि मी मेडिकलच्या दुकानात काउंटरवर उभी राहिले ती राहिलेच. बायका गोळ्यांची पाकिटं घेऊन यायच्या आणि विचारायच्या, सकाळची कुठली, रात्रीची कुठली? मी पेनाने पाकिटावर सूर्य काढून द्यायची, चंद्र काढून द्यायची. एके दिवशी माझीच मला चीड आली. किती दिवस सूर्य-चंद्र काढत बसायचं? त्यापेक्षा यांना अक्षरंच शिकवलेली काय वाईट? वर्ग सुरू झाला तो असा.

अर्जाची तयारी चालू होती ते दिवस मी जमिनीवर नव्हतेच. माळ्यावरच्या ट्रंकेतून जुनी गुणपत्रिका काढली. पाठाचं टाचण लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. भाजी फोडणीला टाकतानाही मी मोठ्याने "आज आपण काय शिकणार आहोत?" असं भिंतीला विचारत होते. फोटो काढताना कॉलेजात जाणारी माझी मुलगी ओरडली, "मम्मी, जरा हस ना! पोलीस स्टेशनला द्यायचाय का हा फोटो?" मग मी इतकी हसले की तो फोटोही फुकट गेला.

सगळं झालं आणि एक अट उरली. वर्गाचा व्हिडिओ पाठवायचा होता. त्यात कमीत कमी पाच विद्यार्थिनी हव्या होत्या आणि प्रत्येकीने स्वतःचं पूर्ण नाव स्वतः सांगून वर्गाला होकार द्यायचा होता. माझ्या सहा जणी होत्या. त्यातली एक लेकीच्या बाळंतपणासाठी गावाला गेली, म्हणजे बरोब्बर पाचच राहिल्या. अर्ज भरायचा शेवटचा दिवस आला तरी गावाला गेलेली परतली नाही, म्हणून म्हटलं, आज उरकूनच टाकू.

त्या दुपारी सगळ्या ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या. मुलीने मोबाइल धरला. भाजी विकणाऱ्या ताईंनी आपलं नाव असं सांगितलं की खालच्या गल्लीतल्या माणसानेही पिशवी घेऊन वर यावं. दुसरी, तिसरी, चौथी, सगळं झकास चाललं होतं. पाचव्या होत्या आमच्या आजी, मालवणकडच्या, वर्गातल्या सगळ्यांत थोरल्या. त्यांचे यजमान पूर्वी गिरणीत होते, आता घरीच असतात. आजींनी पदर सावरला, स्वतःचं नाव खणखणीत सांगितलं, क्षणभर थांबल्या आणि एकदम आडनावावर गेल्या.

"आजी, मधलं नाव राहिलं," मी म्हणाले.

"मधला तुका ठावक आसा मा?"

"मला आहे हो. पण तुम्ही बोलायचंय."

"ह्येंचा नाव? माका जमाचा नाय गो."

सगळ्या जणी हसल्या. उखाण्यात घ्या, उखाण्यात घ्या, असा एकच गलका झाला. आजी म्हणाल्या, लग्नात घेतलंय तां पुरे. मी आधी गोड बोलले. मग माझा पारा चढला. मी म्हटलं, अहो, ते नाव तुमच्या आधार कार्डावर आहे, रेशन कार्डावर आहे, सगळ्या जगाला माहीत आहे! त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "तां सरकारान लिवल्यान. मी खंय घेतलंय?"

"आजी, संध्याकाळी साइट बंद होणार. तुम्ही नाव घेतलं नाहीत तर चारच होतील. माझी वाट लागेल हो!" असं म्हणताना माझा आवाज चक्क रडवेला झाला. वहिनी दारातून डोकावत होती. ती म्हणाली, मी बसते ना निरक्षर बनून, कोणाला कळतंय? मी नको म्हटलं. शिक्षिका व्हायला निघाले होते आणि सुरुवातच खोट्याने करायची, हे मनाला पटेना.

तेवढ्यात आजोबा काठी टेकत दारात आले. आजींना सोडायला-न्यायला ते रोजच येतात आणि रोज तोच विनोद करतात, "आता शिकान कलेक्टर होतलंस काय?" त्यांना पाहून आजींनी पदर आणखी पुढे ओढला. संपलं, मी मनात म्हटलं. पाठीमागे न घेतलेलं नाव ही बाई तोंडासमोर काय घेणार! मी मुलीला मोबाइल खाली कर म्हणून खूण केली.

"रव गो," आजी म्हणाल्या. "नाव घेवचा नाय. लिवन दाखवलंय तर चलात?"

त्यांचं स्वतःचं नाव मी शिकवलं होतं. हे शिकवलं नव्हतं. आजींनी पाटी मांडीवर घेतली. आधी स्वतःचं नाव लिहिलं. मग मधे बोट टेकवून जागा सोडली आणि पेन्सिल दाबून एकेक अक्षर काढायला लागल्या. एक काना जरा लांबला, तो त्यांनी बोटाने पुसून आखूड केला. हॉलमध्ये शाळेतल्या आमच्या बाईंच्या वर्गात असायची तशी शांतता होती.

पाटी त्यांनी मोबाइलकडे धरली. आजोबा चष्मा पुसत जवळ आले.

"माझा नाव? तुका लिवूक येता? कधी शिकलंस गो?"

"लाइट बिलार बघून," आजी जमिनीकडे बघत म्हणाल्या. "सकाळी भाकऱ्ये करताना. परातीत तांदळाचा पीठ आसता ना, तेच्यात बोटान लिवचा नि पुसून टाकूचा."

आजोबांनी पाटी हातात घेतली आणि मोठ्याने वाचली. आधी तिचं नाव, मग स्वतःचं, मग आडनाव. आजवर त्यांच्या तोंडून तिच्यासाठी आम्ही फक्त "अगो" ऐकलं होतं. भाजीवाल्या ताई ओरडल्या, "आजोबांनी नाव घेतलं!" आणि टाळ्या, शिट्ट्या, हसणं, नुसता धुमाकूळ झाला. आजी लाजून तोंड लपवत होत्या. मी रडत होते आणि हसतही होते. मुलीने मोबाइल खाली केलाच नव्हता.

"मम्मी, हे रिजेक्ट होईल हां," घरी आल्यावर ती म्हणाली. "स्वतः बोलायचं होतं त्यांनी." मी म्हटलं, असंच पाठव. खाली शेरा लिहिला, की पाचव्या विद्यार्थिनी पतीचं नाव उच्चारत नाहीत, ते त्यांनी लिहून दाखवलं आहे, वाचणारे गृहस्थ त्यांचे पती. बटण दाबलं आणि त्यानंतर रोज मी काउंटरवर सुटे पैसे द्यायचे विसरून दुकानदाराची बोलणी खाल्ली.

फोन आला तोही मी दुकानातच असताना. पलीकडच्या बाई म्हणाल्या, "तुमच्या व्हिडिओत एक आजोबा आहेत..."

"हो मॅडम, त्याचंच मी स्पष्टीकरण दिलंय, म्हणजे कसं आहे की..."

"अहो, स्पष्टीकरण राहू दे. मान्यता मंजूर झालीय तुमची."

मी अशी किंचाळले की खोकल्याचं औषध घ्यायला आलेला माणूस बाटली न घेताच दोन पावलं मागे सरकला.

दुसऱ्या दिवशी वर्गात बातमी सांगितली. कोणी पेढे आणले, कोणी मिठी मारली. आजी मात्र जागेवरून हलल्या नाहीत. त्या दिवशी आजोबाही त्यांना सोडून परत गेले नव्हते, दाराजवळ खुर्ची टाकून बसले होते. आजींनी पाटी पुसली, माझ्याकडे पाहिलं आणि वर्षभर मला "गो" म्हणणाऱ्या त्या म्हणाल्या, "बाई, पेढे मगे. आधी शिकवा."