लाईट आल्याचं कळावं म्हणून

जिल्हा नवा झाला आणि आमच्या गावाच्या विजेची फाईल जुन्या जिल्ह्यातच राहिली. चाकूरपासून आत, आडवळणाच्या त्या गावाला तार कधी येणार, हे नव्या कचेरीला ठाऊक नव्हतं आणि जुनीला आता देणंघेणं नव्हतं. दुष्काळ मात्र वेळेवर आला. मग गावाला एक डिझेल जनरेटर मिळाला आणि त्याच्यासोबत मी. कंधारचा, आयटीआय झालेला, स्वतःला इंजिनियर समजणारा.

सकाळी पंप चालवून टाकी भरायची, संध्याकाळी दोन तास घरांना उजेड. सगळं एकाच तारेवर. पंपाला वेगळा खटका हवा, एवढी अक्कल तेव्हा मला नव्हती. पंप सुरू होताना एकदम जोरात वीज ओढतो. त्याच क्षणी घरंही ओढू लागली की इंजिन धापा टाकत बंद पडायचं. आणि गावाची रीत अशी, की लाईट गेली तरी बटन कुणी बंद करत नसे. का, तर लाईट आल्याचं कळावं म्हणून.

"अहो, लाईट मीच आणतो ना? मी येऊन सांगत जाईन."

"तुम्ही सांगताव हो, पर तुमच्या सांगण्यावर लाईट कुठं येती?"

एका सकाळी इंजिन तीनदा बसलं. टाकी कोरडी. शेवटच्या नळावरची, बौद्धवस्तीतली मावशी घागर घेऊन इंजिनघराच्या दारात उभी राहिली. टाकी काठोकाठ भरली तरच तिच्या नळाला धार यायची.

"सून काल बाळंत झाली, साहेब. घरात घागरभर पाणी हाय."

मी शाळेची घंटा काढून, बटनं बंद करा म्हणत, घरोघर बडवत फिरलो. किराणा दुकानदाराच्या महादेवापुढचा बल्बही सोडला नाही.

"देवापुढचा हाय त्यो. कसा बंद करू?"

"दिवसाउजेडी देवाला बल्ब कशाला?"

"मंग इंजिन तरी दिवसाउजेडी कशाला लावताव?"

बोलून दमलो आणि बल्ब मीच पिळून काढला. परत येऊन हँडल मारलं. चौथ्यांदा बसलं.

आता माझं टाळकं सरकलं. "मावशी, तुमच्याच वस्तीत कुणाचं तरी चालू असणार."

तिनं घागर खाली ठेवली. "वस्तीत खांबच आला न्हाई अजून. बटन कशाला लावावं आमी, भिंतीला शोभा म्हणून? तुमची खोली बघितली का?"

माझी खोली इंजिनघराच्या मागंच. आदल्या संध्याकाळी शेगडीवर चहा ठेवला होता, तारेच्या वेटोळ्याची ती विजेची शेगडी. मीच इंजिन बंद केलं तेव्हा चहा अर्धा राहिला. बटन तसंच. लाईट आली की पुढचा चहा होईल, असा हिशेब. ती एक शेगडी म्हणजे पन्नास बल्ब. अर्ध्या चहाचं पातेलं माझ्याकडे बघत होतं आणि दारातून मावशीही.

पाचव्या हँडलला पंपानं पाणी धरलं. टाकी भरली, शेवटच्या नळाला धार आली. जाताना मावशीनं माझ्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली पदराला बांधली. रोज सकाळी ती शेगडीचं बटन बघून कुलूप घालायची आणि पंप चालू झाल्यावरच किल्ली द्यायची.

आठ दिवसांनी वेगळा खटका बसवला आणि मी ऐटीत किल्ली परत मागितली.

"राहू द्या," ती म्हणाली. "खटका बी तुम्हीच बसवलाय न्हवं?"

बाळाचं बारसं झालं, तरी सकाळचा चहा मी किराणा दुकानातच पीत होतो.