शुभदाताईंच्या फाइलमधल्या माझ्या तीन ओळी

शुभदाताई गेल्या, आणि सकाळपासून मला किळस येतेय.

आमच्या जुन्या साहेबांनी पोस्ट टाकलीय. "आमच्या परिवाराचा आधारस्तंभ हरपला." सोबत ऑफिसच्या दसऱ्याच्या पूजेचा फोटो. साहेब मधोमध, ताई कडेला अर्ध्या कापलेल्या.

परिवार म्हणे!

खाली हात जोडणाऱ्यांची रांग लागलीय. त्यात मीही आहे. सवयीने बोट दाबलं गेलं.

ज्यांना ताई माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. पनवेलच्या त्या छोट्या ऑफिसात त्या सीनियर होत्या आणि मी त्यांच्या हाताखाली. PHP, म्हणजे वेबसाइट लिहायची भाषा, मला कॉलेजने नाही, त्यांनी शिकवली. कोडची पहिली ओळ लिहायच्या आधी बॅकअप घ्यायला शिकवलं.

आमच्याकडे एका वधू-वर केंद्राची वेबसाइट होती. लोक नाव नोंदवायचे, पासवर्ड विसरायचे आणि आम्हाला फोन करायचे. दिवसभर तेच.

म्हणून ठरलं की सोशल मीडियाच्या अकाउंटनेच लॉगिन होईल असं बटण टाकायचं. तेव्हा ते नवीन होतं, सगळ्यांनाच हवं होतं.

ताईंनी नीट वाचून, टेस्ट करून लॉगिनची फाइल लिहिली. माणसाने बटण दाबायचं, तिकडे त्याची ओळख पटणार, आणि तो नाव-ईमेल घेऊन आमच्या साइटवर परत येणार. बस्स.

साहेब म्हणाले, "एवढंच? त्यांच्या वॉलवर पोस्ट टाकायची परमिशनपण मागून घे ना. फुकट पब्लिसिटी! पब्लिक न वाचता ओके दाबते."

ताई म्हणाल्या, "सर, लोक इथे गुपचूप नाव नोंदवतात. दारात आलेल्याचं नाव विचारावं. त्याची कपाटं उघडू नयेत."

साहेब हसले. विषय संपला असं मला वाटलं.

मग ताई चार दिवस रजेवर गेल्या. भाच्याची मुंज होती, रोह्याला.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "तुला जमेल ना रे? की तूपण ताईंसारखा कीर्तन करणार?"

मला जमलं. तीन ओळी होत्या. कोणीही लॉगिन केलं की त्याच्या वॉलवर आपोआप पोस्ट: "मी जोडीदार शोधतोय, तुम्हीही या!"

साहेबांनी खूश होऊन मिसळ मागवली. मी ती चापून खाल्ली.

आता ऑफिसचा एक नियम सांगायला हवा. फाइल ज्याने लिहिली त्याचं नाव सगळ्यात वर असायचं. नंतर कोणी काही बदललं तर त्याने खाली आपलं नाव आणि तारीख टाकायची. सर्व्हरवर फाइल चढवायचा पासवर्ड सगळ्यांचा एकच, त्यामुळे कोणी काय केलं हे कळायला तेवढी एकच जागा.

मी माझं नाव टाकलं नाही. घाईत राहिलं, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आलोय. खोटं आहे. मला ताईंची भीती वाटली होती.

ताई कामावर परत आल्या त्याच दिवशी विचुंब्याहून एक माणूस ऑफिसात घुसला. मूळचा उरणकडचा कोळी. त्याचा भाऊ वारला होता. भावाच्या बायकोने कोणाला न सांगता आमच्या साइटवर नाव नोंदवलं होतं.

त्याने मोबाइल साहेबांच्या तोंडासमोर धरला.

"आमची वयनी हाय ही! आमाला म्हायती नाय, आन् आख्ख्या गावाला म्हायती? कोनी टाकलंय हे?"

साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. त्या माणसासमोर फाइल उघडली आणि स्क्रीनवर बोट ठेवलं. "बघा. कोणाचं नाव आहे वर?"

ताई म्हणाल्या, "सर, मी रजेवर होते. तुम्हाला माहीत आहे."

साहेब माझ्याकडे वळले. "तुला काही माहीत आहे का रे?"

मी म्हणालो, "नाही सर."

ताईंनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग खुर्ची ओढून बसल्या आणि आधी त्या ओळी काढल्या. मग एकेकाच्या वॉलवरची पोस्ट पुसत बसल्या. जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः विचुंब्याला गेल्या. त्या बाईने काही टाकलं नव्हतं, हे सांगायला. सासूने ऐकून घेतलं, दिराने नाही. त्या बाईला मुलीसकट माहेरी पाठवून दिलं.

महिनाअखेरीस ताईंना काढलं. पुढे पनवेलमध्ये कुठे इंटरव्ह्यूला गेल्या की विचारायचे, "ते वधू-वरचं प्रकरण तुमचंच ना?" शेवटी सुकापूरला एका क्लासमध्ये पोरांना कम्प्युटर शिकवू लागल्या. माझ्यापेक्षा शंभरपट चांगला कोड लिहिणारी बाई, पोरांना फोल्डर कसा बनवायचा ते शिकवत होती.

आणि मी? मी त्यांच्या खुर्चीवर बसलो. सीनियर झालो.

गेल्या वर्षी खांदा कॉलनीत भाजी घेताना भेटल्या. आजारी दिसत होत्या. मी हिंमत केली.

"ताई, ते तेव्हा मी..."

"मला काय सांगतोस?" त्या मेथीची जुडी उलटसुलट करत म्हणाल्या. "मला त्याच दिवशी माहीत होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांग."

मी हो म्हणालो. घरी आलो. कोणालाही सांगितलं नाही. पूर्ण एक वर्ष माझ्या हातात होतं, आणि ताई जिवंत होत्या.

आज सांगतोय. साहेबांना टॅग केलंय.

त्या ओळी शुभदाताईंनी लिहिल्या नाहीत. साहेबांनी सांगितल्या, मी लिहिल्या.

विचुंब्याचं कोणी वाचत असेल तर त्या घरी जाऊन सांगा, तुमच्या वहिनीने वॉलवर काहीच टाकलं नव्हतं. टाकणाऱ्याचं नाव या पोस्टच्या वर आहे.

ताई, श्रद्धांजली वाहण्याची माझी लायकी नाही. नमस्कार करतो.