बॉक्सचं मूळ आणि बर्फातला जिताडा

आमच्या नेरूळच्या घरात पाहुण्यांसमोर मला बोलायला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे.

मला इंग्रजी शब्दांची मुळं खणायची खोड. (महापेच्या ऑफिसात लोक मला पाहून जिना बदलतात!) म्हणून, लेकीनं पसंत केलेल्या मुलाचे आईवडील येणार त्या सकाळी तिनं मला दम भरला.

"बाबा, आज एकाही शब्दाचा इतिहास नको. प्लीज! लग्न मोडेल माझं."

"तोंडाला कुलूप!" मी म्हणालो.

बेल वाजली. मुलाचे वडील खाडीकाठच्या गावातले, मासळीचे व्यापारी. दोन्ही हातांवर थर्माकोलचा भलामोठा खोका घेऊन दारात उभे! आत बर्फात अख्खा जिताडा. तिकडे हा मासा मानाच्या घरीच नेतात.

"घ्या, तुमच्यासाठी बॉक्स हाय."

बॉक्स! कुलूप तिथंच गळालं.

"अहो, बॉक्स हे मुळात एका झाडाचं नाव! त्याच्या लाकडाच्या डब्या करायचे, म्हणून डबीलाही बॉक्स. शिवाय थेटरातली खास बैठक, तीही बॉक्स!"

मला बोलताना हातवारे लागतात. त्यामुळे खोका घ्यायला एकही हात उरला नाही.

"काका, द्या, मी घेते," लेक पुढं झाली.

"नाय पोरी. मानाची भेट हाय, घरच्या मोठ्याच्याच हातात देनार."

"बाबा, खोका घ्या!"

"त्यावरच तर बोलतोय!"

खोक्यातून बर्फाचं पाणी गळायला लागलं. आधी त्यांच्या पांढऱ्या शर्टावर, मग पँटवर, मग बुटांत.

"आणि ठोसा मारणं, तेही बॉक्स! त्याचं मूळ मात्र कुणालाच ठाऊक नाही!" म्हणत मी हवेत ठोसा मारून दाखवला.

तो हवेत लागला नाही. खोका उलटला आणि जिताडा सुळकन होणाऱ्या विहीणबाईंच्या पायांवर!

लेकीचे डोळे भरून आले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

विहीणबाईंनी शांतपणे मासा उचलून माझ्या बायकोच्या हातात दिला. "आमचे हे मासे धरायच्या जाल्यांवर बोलायला लागले की असंच करतात. वाटन हाय का तयार?"

जेवताना लग्न ठरलं. व्याही माझ्या पायजम्यात जेवले.

साखरपुड्याला त्यांनी मानाचा नारळ माझ्याच हातात दिला. पण त्याआधी माझ्या तोंडात अख्खा पेढा कोंबला. फोटो पाहून सगळे म्हणतात, लेकीच्या मायेनं बापाला शब्द फुटत नाहीये. फुटत होता हो, पेढा मध्ये आला!