साक्रीमार्गे जपान

जपानला जायचं तर आधी साक्रीला जावं लागतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तीन महिने मी शाळेतल्या संगणकापुढे बसून सहा मुलांची दहा दिवसांची सहल आखत होते. चहाचा विधी कधी पाहायचा, तिथल्या मुलांबरोबर वर्ग कधी झाडायचा, चपला कुठे काढायच्या, जेवणाआधी काय म्हणायचं, सगळं तासावारी लिहून झालं होतं. आणि जानेवारीतल्या एका शुक्रवारी सकाळी मी जळगावच्या बसस्थानकावर धुळ्याची गाडी धरायला उभी होते. खांद्याला पिशवी, पिशवीत जपानच्या फोटोंची फाईल आणि डोक्यात राग.

रागाचं कारण सांगते. सहलीचा खर्च आमच्या माजी विद्यार्थ्यांनी उचलला होता, त्यामुळे ती चिंता नव्हती. मुलं तिथल्या कुटुंबांत राहणार होती, एका घरात दोघं. एकट्या मुलीला कुठलंही घर ठेवून घेणार नाही, असं त्यांनी स्पष्ट कळवलं होतं. आता आमच्या सहा जणांत मुली दोनच. एक जळगावातल्याच मेहरूण भागातली सुहाना, दुसरी साक्रीकडच्या खेड्यातली जयश्री, जी आमच्या वसतिगृहात राहून शिकते. बाकीच्या मुलींच्या घरून परदेश हा शब्द ऐकताच नकार आला होता. जयश्रीचे वडील सुरतेला कापडाच्या कारखान्यात असतात. ते फोनवर म्हणाले, "नाना म्हणतील तसं." नाना म्हणजे जयश्रीचे आजोबा. नानांना फोन लावला तर ते "नही" म्हणाले आणि फोन ठेवला. शनिवारी संध्याकाळपर्यंत नावं कळवायची होती. जयश्री गळाली की सुहानाही गळणार, आणि जपानला चार मुलगे घेऊन मी एकटी जाणार. मुलींशिवाय सहल न्यायची या विचारानेच माझा जीव जळत होता.

एरंडोल, पारोळा मागे पडलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशीची शेतं, वेचून संपत आलेली, झाडांवर कुठेकुठे उरलेली पांढरी बोंडं. धुळ्याला गाडी बदलायची होती. मधल्या वेळात स्थानकाबाहेर गरम भजी खाल्ली आणि त्या नादात साक्रीची बस माझ्या डोळ्यांदेखत निघून गेली. मुलांना वक्तशीरपणाचे धडे देणारी मी! जपानात गाडी सेकंदावर सुटते, हे वाक्य मी वर्गात किमान वीसदा तरी ऐकवलं असेल.

साक्रीला पोचले तर बाजाराचा दिवस. खेड्याकडे जाणारी काळी-पिवळी जीप भरल्याशिवाय हलेना. माझ्या शेजारी मांडीवर कोंबडी घेतलेली एक म्हातारी बसली होती. तिने विचारलं, "कोना घर जाई ऱ्हायन्यात, बाई?" मी सांगितलं. का चाललात, तर तेही सांगितलं, आणि वर भूगोल शिकवायच्या सवयीने जपान कुठे आहे ते समजावू लागले.

"माले ठाऊक शे," ती म्हणाली. "मना नातू मोबाईलवर तठलीच चित्रं देखस दिनभर. जेवतबी नही." कोंबडी माझ्या फाईलवर चोच मारत राहिली.

साक्रीच्या पुढे मोकळं माळरान लागतं. लांब पठारावर पवनचक्क्या फिरत होत्या. हवेत गारठा होता. नानांचं घर गावाच्या टोकाला, पुढे ओटा, आत शिरल्यावर अर्धी खोली कापसाने भरलेली. भाव येईल म्हणून ठेवलेला कापूस छताला टेकायला आला होता. नाना सत्तरीचे, ताठ, पांढरी टोपी. त्यांनी आधी हातपाय धुवायला पाणी दिलं, मग जेवायला बसवलं. जयश्रीच्या आईने कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली), वांग्याचं भरीत आणि लसणाची चटणी वाढली. मी दोन भाकरी खाल्ल्या, तिसरी तिने न विचारताच ताटात टाकली. नकार द्यायला तोंड उघडलं, तर नानांनी अशी नजर टाकली की मी तोंड मिटलं आणि भाकरी संपवली.

जेवणानंतर मी फाईल उघडली. नानांनी चष्मा लावला आणि एकेक फोटो सावकाश पाहिला. किल्ला पाहिला, बाग पाहिली. मग मुली राहणार होत्या त्या घराचे फोटो. साठीतलं जोडपं दारात उभं राहून हसत होतं. त्यामागे गॅलरीत गाद्या वाळत घातल्याचा एक फोटो होता. चुकून आला असावा अशा समजुतीने मी तो घाईघाईने उलटला.

"बाई, जपान चांगलं शे," नाना म्हणाले. "ते मी नही म्हनत नही. पन घर कोनी देखं?"

"फोटो आहेत ना, नाना."

"फोटोमा बठ्ठाच हासतस." (बठ्ठा म्हणजे सगळे.) "सोयरीक करतस तं आम्ही पहिले घर देखतस. पानी कोठून येस, मानसं कशी शेत, चुलीपान कोन बठस. आठे तं दहा दिन पोर ऱ्हाई. तुम्ही देखं का ते घर?"

"नाही," मी म्हणाले.

जयश्रीची आई दाराआड उभी होती. तिच्या हातातला पदराचा पिळा मला दिसत होता. नानांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग म्हणाले, "तिना संगे जी पोर जाई ऱ्हायनी, तिनं घर तं जळगावलेच शे ना? मंग ते देखसू."

मी आनंदाने हो म्हणाले, आणि पुढच्याच क्षणी ध्यानात आलं. सुहाना मुसलमान आहे, हे मी नानांना सांगितलं नव्हतं. फोनवरही नाही आणि आताही नाही. "मेहरूणची मुलगी आहे, वडील गाद्या करतात," एवढंच बोलले. नाव गिळलं. सांगू, वाटेत सांगू, असं मनाशी म्हणत मी त्या रात्री जयश्रीच्या आईशेजारी झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना तयार होऊन बसले होते. हातात भाकरीचं गाठोडं आणि शेजारी कापसाने ठासून भरलेली पिशवी. गादीवाल्याच्या घरी रिकाम्या हाताने कसं जायचं, असं त्यांचं म्हणणं. धुळ्यापर्यंत ती पिशवी माझ्या मांडीवर होती. पुढच्या गाडीत कंडक्टर म्हणाला, "मावशी, हे ओझं टपावर टाका." नाना म्हणाले, "पाहुनानं शे, आंगेच ऱ्हाई." कंडक्टर हसला आणि पुढे गेला. मला मावशी म्हटल्याचं मात्र दोघांनाही काही वाटलं नाही. पारोळ्याला मी सांगायचं ठरवलं. एरंडोलला पुन्हा ठरवलं. जळगाव आलं तरी माझं ठरवणंच चाललं होतं.

मेहरूणच्या तलावावरून रिक्षा आत वळली. सुहानाच्या वडिलांचं, रशीदभाईंचं, दुकान आणि घर एकच, पुढे कापूस पिंजायचं यंत्र, मागे राहायच्या दोन खोल्या. बाहेर पाटीवर मोठ्या अक्षरांत नाव होतं. नाना रिक्षातून उतरले, पाटी वाचली. मी त्यांचा दंड धरून म्हणाले, "नाना, मला तुम्हाला एक सांगायचं होतं..."

"माले ठाऊक शे," नाना म्हणाले. "दिवायीपासून आम्हना घरमा त्या पोरनंच नाव शे. सुहाना आशी, सुहाना तशी. आम्हनी जयश्री तिना डब्बामाधली शेवाया खास. बठ्ठासले ठाऊक शे, बाई. तुम्हीच सांगं नही."

ते आत गेले. मी काही वेळ रिक्षावाल्याकडे सुटे मागत बाहेर उभी राहिले. भर दुपारी मला कानांपर्यंत गरम झालं होतं.

आत रशीदभाईंनी नानांना "या नाना, बठा" म्हणून बसवलंही होतं. माझ्याशी शहरातलं मराठी बोलणारा हा माणूस नानांशी अस्सल अहिराणी बोलत होता. गिऱ्हाईकं सगळी खेड्यातली, येणारच की. नानांनी पिशवी पुढे केली. रशीदभाईंनी एक बोंड घेतलं, दोन्ही अंगठ्यांत धरून धागा ओढला, उजेडात पाहिला. "लांब शे, नाना. पन सरकी काढनी पडी," ते म्हणाले. पिंजण्याआधी बिया काढाव्या लागतात, हे कापूस पिकवणाऱ्याला ठाऊक नव्हतं का? होतं. पण घरचा कापूस दाखवायचाच होता.

मग नानांनी घर पाहिलं. अगदी रीतसर. नळाला पाणी किती वाजता येतं ते विचारलं. सुहाना अभ्यास कुठे करते ते विचारलं. ती तयार गाद्यांच्या थप्पीवर चढून बसते, छताखाली, कारण तिथे लहान भावंडांचा हात पोचत नाही. नाना मान वर करून बराच वेळ त्या जागेकडे पाहत राहिले. सुहानाच्या आईने जेवणाचा आग्रह केला, तेव्हा ते म्हणाले की मी बाहेरचं अन्न घेत नाही. पण त्यांनी तिथेच चटईवर गाठोडं सोडलं, अर्धी भाकरी मोडून रशीदभाईंच्या हातावर ठेवली. सुहानाच्या आईने कांदा आणून दिला. वर नानांनी तिच्या हातचा चहा मागून घेतला. त्यांचा नेम त्यांच्यापाशी राहिला आणि कुणी वाईटही मानलं नाही.

जेवताना रशीदभाईंनी फाईल चाळली. किल्ला, बाग भराभर उलटले आणि मी लपवलेल्या त्या गाद्यांच्या फोटोवर त्यांचा हात थांबला.

"मॅडम, हा कधीचा?"

"गेल्याच आठवड्यात पाठवलाय."

त्यांनी फोटो नानांसमोर धरला. "देखा नाना. चार गाद्या शेत. या दोन दबाई गयात, रोजना वापरना शेत. नवरा-बायकोन्या. या दोन फुगेल शेत, त्यासवर कोनी निजत नही. खोळी नव्या. आते सांगा, ठेवेल गादीले ऊन कवय दाखाडतस?"

"पाहुना येवाव ऱ्हास तवय," नाना म्हणाले.

सहल एप्रिलमध्ये होती. त्या बाईने जानेवारीत दोन मुलींच्या गाद्या उन्हात घातल्या होत्या. आणि मी, तीन महिने त्या देशाची संस्कृती वाचून काढणारी, तो फोटो पसारा म्हणून खाली सरकवत होते. मला त्या अनोळखी बाईची इतकी माया वाटली की डोळे भरून आले.

मी संमतीचा फॉर्म पुढे ठेवला. नानांनी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं, आणि पुन्हा लावलं.

"आजून एक घर ऱ्हायनं," ते म्हणाले.

"कोणाचं?"

"तुम्हनं."

मी हसले. ते हसले नाहीत. "जपाननी बाईनी काही लपाडं नही. रशीदभाऊनी लपाडं नही. लपाडं तुम्ही. म्हनीसन तुम्हनं घर देखनं पडी."

घड्याळात चार वाजले होते. माझं घर रिक्षाने दहा मिनिटांवर. कुलूप काढताना मला सगळं आठवलं: कालची न धुतलेली भांडी, खुर्चीवर कपड्यांचा ढीग, टेबलभर जपानचे कागद. मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेल्यापासून या घरात पाहुणा असा आलाच नव्हता. मी पुढे होऊन आवरायला लागले, तर नाना म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. जसं शे तसंच देखनं शे." ते खुर्चीवरचे कपडे हळूच बाजूला करून बसले. पाणी प्यायले. भिंतीवर मी चिकटवलेला दहा दिवसांचा तक्ता त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचला.

"एकल्याच ऱ्हातस?"

"हो."

"आनि जपानले पहिले कितला येळ गयात?"

इथे मला थाप मारता आली असती. शाळेत सगळ्यांचा समज होता की मला या गोष्टींचा सराव आहे, आणि मी तो कधी मोडला नव्हता. पण त्या पसाऱ्यात बसून मी म्हणाले, "एकदाही नाही, नाना. मी अजून विमानातही बसलेले नाही. मला भीती वाटते. मुलांना काही झालं तर, या विचाराने झोप लागत नाही. सुहानाचं नाव सांगितलं नाही, तेही भीतीनेच. तुम्ही नाही म्हणाल असं वाटलं. माझं चुकलं."

नानांनी फॉर्म मागितला, जपानचे कागद कोपराने सारून टेबलावर जागा केली आणि एकेक अक्षर जपून काढत सही केली. मी त्यांच्या देखत दोन्ही मुलींची नावं कळवली. वसतिगृहात फोन लावून जयश्रीला सांगितलं, तर पलीकडून नुसती किंकाळी आली. फोन नानांच्या कानाला लावला. ते बराच वेळ ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "हाव. हाव. आते अभ्यास कर."

संध्याकाळच्या गाडीला त्यांना बसवायला मी स्थानकावर गेले. दोन दिवसांत मी जळगावहून साक्रीकडे गेले आणि परत आले, एवढाच माझा प्रवास. पण इतकी वर्षं मुलांना जगाचा नकाशा शिकवला, आणि एकाही मुलाच्या घरी कधी गेले नव्हते, की कुणाला माझ्या घरी येऊ दिलं नव्हतं. याची मला लाज वाटली आणि बरंही वाटलं, दोन्ही एकदम.

नाना खिडकीजवळच्या जागेवर बसले. मी खालून म्हणाले, "काळजी करू नका, तिथले लोक फार चांगले आहेत."

"तठला लोक माले काय ठाऊक?" नाना म्हणाले. "मी पोर जपानना भरोसे नही धाडी ऱ्हायनू, बाई. तुम्हना भरोसे धाडी ऱ्हायनू."