बक्रीनचे गुडघे आणि बादशहाची फौज

वाळवंटातल्या सिवा गावी, दकरूर डोंगराखाली, बक्रीन दर उन्हाळ्यात माणसं पुरत असे. दुपारी माणसं आणि संध्याकाळी कोंबड्या. माणसं संधिवातासाठी, कोंबड्या जेवणासाठी. दोन्हींना तापलेली वाळूच लागते, दोन्हींची वेळ चुकवून चालत नाही, आणि बाहेर काढताना बक्रीन दोन्हींना ‘बिस्मिल्ला’ म्हणायचा. मग फरक काय, असं एखाद्या पाहुण्यानं विचारलं की तो सांगायचा, “कोंबडी तक्रार करत नाही.”

कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. सकाळी माणसाच्या मापाचा खड्डा खणायचा, दुपारपर्यंत उन्हात तापू द्यायचा, मग रोग्याला उघडा करून आत निजवायचा आणि मानेपर्यंत वाळू लोटायची. डोक्यावर छत्री. पंधरा मिनिटं झाली की बाहेर काढून थेट घोंगडीत गुंडाळायचा आणि तंबूत न्यायचा. तिथे तीन दिवस गरम मेथीचा काढा. गार पाणी नाही, वारा नाही, आंघोळ नाही, भांडण नाही. भांडणाचा नियम बक्रीननं स्वतःच्या डोक्यानं घातला होता. एकदा बाजारातला कापडवाला तिसऱ्या दिवशी चोरून कलिंगड खाताना सापडला, तेव्हा बक्रीननं त्याला पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात करायला लावली होती. कापडवाला ते विसरला नव्हता. गावात असे न विसरलेले पुष्कळ होते.

कुणी कुरकुर केलीच तर बक्रीन छातीवर हात ठेवून म्हणायचा, “मी स्वतः दर वर्षी पहिला खड्डा माझा करतो. तुम्ही यायच्या आधी, एकटा. मला काय झालं?”

ही शुद्ध थाप होती. तीस वर्षांत बक्रीन एकदाही वाळूत गेला नव्हता.

याला कारण त्याची आत्या. अडीच हजार वर्षांपूर्वी इराणच्या बादशहानं सिवाच्या देवळावर पन्नास हजारांची फौज धाडली आणि ती वाटेतच वाळूच्या वादळात गडप झाली, असं जुनी पुस्तकं सांगतात. आत्या त्यापुढचं सांगायची. ती फौज मेलेली नाही, खालीच आहे. माणसं कमी पडलीत म्हणून भरती चालू आहे. जो वाळूत निजतो त्याची टाच धरून खालचा हवालदार विचारतो, ‘नाव काय?’ नाव सांगितलं की संपलं. बक्रीन तेव्हा पाच वर्षांचा होता. आता अठ्ठावन्नचा होता, तीन मुलींची लग्नं झाली होती, आणि रोज दहा जणांना तो त्या हवालदाराच्या हाती देत होता. त्यांची टाच कुणी धरली नाही हे त्याला दिसत होतं. पण टाच त्यांची होती.

गेल्या दोन हिवाळ्यांत त्याचे गुडघे गेले. खाली बसला की उठताना त्याला गाढवाच्या गाडीचं चाक धरावं लागे. ही गोष्ट फक्त बायकोला, फदीलाला ठाऊक होती. थापही तिलाच ठाऊक होती.

“स्वतःच्याच वाळूत जा की,” ती म्हणायची.

“वेळ कुठाय?”

“वेळ आहे. छाती नाही.”

त्या जुलैत कैरोहून एक बस आली. लष्करातून निवृत्त झालेले नऊ डॉक्टर होते. लढाया आणि दवाखाने यांचा जुना इतिहास शोधत ते वाळवंटभर हिंडत होते. अलामेनच्या जुन्या रणभूमीवर त्यांनी दोन दिवस घालवले ते तोफा बघायला नव्हे, तर जखमींचे तंबू नक्की कुठे ठोकले असतील यावर वाद घालायला. त्यांचे म्होरके ब्रिगेडियर शौकी. उंच, वाळकुडे, शहात्तरीचे. चेहरा असा की ते थट्टा करतात की हुकूम देतात हे त्यांच्या बायकोलाही चाळीस वर्षांत कळलं नसेल. त्यांची बरीचशी नोकरी भरतीच्या वैद्यकीय तपासणीत गेली होती. कोणता पोरगा खरंच आजारी आणि कोणता सोंग करतोय, हे ठरवणं त्यांचं काम. बादशहाच्या फौजेबद्दलही त्यांचं मत ठाम होतं.

“वादळबिदळ काही नाही,” ते बक्रीनला म्हणाले. “जुलाब. पन्नास हजार माणसं आणि घाणेरडं पाणी. तुम्ही ती वाळूची चिकित्सा करता ना? मला घ्यायची आहे.”

“घ्या की, बाशा. उद्याच.”

“एक अट आहे. मी चाळीस वर्षं सैनिकांना औषधं दिली, आधी स्वतः चाखून. तुम्ही माझ्या शेजारी झोपायचं.”

बक्रीन हसला. ब्रिगेडियर हसले नाहीत. गाडीला टेकून उभा असलेला झैदान मात्र मोठ्यानं हसला.

झैदान म्हणजे फदीलाचा धाकटा भाऊ. पस्तिशीचा, बैलासारखा. आयुष्यात कधी शिंकला नाही असं तो स्वतःच सांगायचा. धंदा बक्रीनकडेच शिकला आणि मग वीस पावलांवर स्वतःचा तंबू टाकला.

“झोपतील की, बाशा!” झैदान बक्रीनकडे बोट दाखवत म्हणाला. “आमचे अबू जिब्रील दर वर्षी पहिला खड्डा स्वतःचाच करतात. सगळ्या गावाला माहीत आहे. मीच पुरतो उद्या दोघांना.”

झालं. नाही म्हणावं तर तीस वर्षांची थाप उघडी पडते, आणि गिऱ्हाईक वीस पावलांवर जातं. हो म्हणावं तर खाली हवालदार.

घरी फदीलानं ताटात भाकरी टाकली आणि म्हणाली, “आजारी पड.”

“डॉक्टर आहेत ते. नऊ आहेत.”

“मग जा. आणि नाव विचारलं तर माझ्या भावाचं सांग.”

दुसऱ्या दिवशी दुपारी खड्ड्याभोवती जत्रा भरली. कर्नल वहबा म्हणून एक गोल, घामट डॉक्टर होते. त्यांनी दोघांचा रक्तदाब मोजला. ब्रिगेडियरांचा तरुणासारखा निघाला. बक्रीनचा पाहून कर्नलांनी पट्टा सोडला, झटकला आणि पुन्हा बांधला.

“घाबरलात?”

“कशाला? रोजचंच आहे.”

“फार जास्त नाही. पण दहाच मिनिटं,” कर्नल म्हणाले आणि घड्याळ काढून चहाचा पेला हातात घेऊन बसले.

दोघं जण आत उतरले. झैदाननं वाळू लोटायला सुरुवात केली, आणि त्याबरोबर बक्रीनचेच शब्द बक्रीनच्याच आवाजात ऐकवायला लागला. “हलायचं नाही. बोलायचं नाही. लहान मुलासारखं रडायचं नाही. मी काढेन तेव्हाच निघायचं.” कापडवाला पुढच्या रांगेत बसला होता. त्यानं कलिंगड आणलं होतं.

आता वाळूवर दोन डोकी उरली आणि दोन छत्र्या. ऊब चांगली होती, हे बक्रीनला कबूल करावं लागलं. गुडघ्याभोवती कुणी गरम फडकं गुंडाळावं तसं वाटत होतं. एक माशी नाकावर बसली. त्यानं फुंकर मारली, ती दुसऱ्या नाकावर गेली. ब्रिगेडियरांनी डोळे मिटले होते. दोन मिनिटं गेली. तीन गेली. बक्रीनला वाटलं, आत्या खोटारडी होती, अल्ला तिला माफ करो.

आणि तेवढ्यात त्याच्या टाचेला काहीतरी लागलं.

लागलं आणि सरकलं. मग पुन्हा लागलं, अंगठ्यानं चाचपून बघावं तसं.

“नाही!” बक्रीन एवढ्यानं ओरडला की गाडीची दोन्ही गाढवं उभी राहिली. “नाव सांगणार नाही! मला नेऊ नका! माझे गुडघे गेलेत, मी काही कामाचा नाही! मी कधी वाळूत आलो नाही, तीस वर्षांत एकदाही नाही, आलो असेन तर आंधळा होईन! पहिल्यांदाच आलोय, चुकून आलोय!”

कलिंगडाची फोड कापडवाल्याच्या तोंडाशी थांबली.

“तीस वर्षं!” झैदान किंचाळला. “एकदाही नाही! ऐकलंत ना? सगळ्यांनी ऐकलंत?”

“झैदान, काढ मला!”

“नियम काय, अबू जिब्रील? मी काढेन तेव्हाच!”

“माझा पाय होता तो,” शेजारचं डोकं म्हणालं. ब्रिगेडियरांनी डोळे उघडले होते. “आखडला म्हणून हलवला. पण थांबा. कोण नेणार आहे तुम्हाला?”

आता लपवायचं काही उरलंच नव्हतं. बक्रीननं छत्रीकडे बघत आत्या, हवालदार, भरती, सगळं सांगून टाकलं. ऐकणारे हसले, पण सगळे नाहीत. पन्नाशीच्या पुढचे कित्येक जण वाळूकडे बघून पाय जवळ घेत होते.

ब्रिगेडियर हसले नाहीत. “वहबा,” ते म्हणाले, “कागद घे. वैद्यकीय मंडळ बसलं आहे.”

“इथं, सर?”

“इथंच. उमेदवारानं जीभ दाखवावी.”

बक्रीननं जीभ दाखवली. तपासायला दुसरं काही बाहेर नव्हतंच.

“पांढरी. डोळे वर. हं. गुडघे?”

“उठताना गाडीचं चाक धरावं लागतं, बाशा.”

“कधीपासून? खरं बोला. माझ्यापुढे हजारो पोरं लंगडून गेली आहेत, खोटं मला ऐकूनच कळतं.”

“दोन हिवाळे.”

ब्रिगेडियरांनी मान जमेल तेवढी खाली वळवली आणि कवायतीच्या आवाजात थेट वाळूला उद्देशून सांगितलं, “लिही, वहबा. इराणच्या बादशहाच्या भरती अधिकाऱ्यास. उमेदवार, नाव गुप्त, वय अठ्ठावन्न, दोन्ही गुडघे निकामी. सैन्यसेवेस कायमचा अपात्र. पुन्हा बोलावू नये.”

बक्रीन स्वतः तरुणपणी सक्तीच्या लष्करी नोकरीत मत्रूहच्या छावणीत कांदे चिरून आला होता. सैन्यातून सुटल्याचा कागद हातात नसला तर माणसाला नोकरी मिळत नाही, पासपोर्ट मिळत नाही, कुणी मुलगी देत नाही, हे त्याला चांगलं माहीत होतं. त्यामुळे कागद कसा हवा हेही माहीत होतं.

“बाशा, शिक्का?”

कर्नल वहबांनी इकडेतिकडे पाहिलं. मग चहाचा पेला उचलला. त्याच्या बुडाला काळा चहा ओघळला होता. तो कागदावर दाबला. गोल, तपकिरी, ठसठशीत शिक्का उमटला.

“दाखवा त्यांना,” बक्रीन म्हणाला.

कर्नलांनी गुडघे टेकून कागद वाळूसमोर धरला. पुरेसा वेळ धरला.

त्यानंतरची सहा मिनिटं बक्रीन हलला नाही. शेवटी झैदान काढायला आला तर म्हणाला, “घाई काय आहे? पंधरा पुरी होऊ देत.” आणि दोन मिनिटांनी घोरायला लागला.

दोघांना तंबूत नेऊन टाकल्यावर झैदान थेट बाजारात जाऊन सांगून आला. संध्याकाळपर्यंत सिवात असं एक घर उरलं नाही जिथे बक्रीनची थाप पोचली नव्हती. तो तंबूत घोंगडीत घामाघूम पडला होता आणि बाहेर त्याचेच जुने रोगी पहाऱ्याला बसले होते. गार पाणी नाही, वारा नाही. कापडवाला दर तासाला तंबूत डोकं घालून विचारायचा, “भांडत तर नाही ना?”

“बाशा, माझं नाव गेलं,” बक्रीन शेजारच्या घोंगडीला म्हणाला.

“नाव तुम्ही सांगितलंच नाहीत,” घोंगडीतून ब्रिगेडियर म्हणाले. “झोपा.”

दुसऱ्या दिवशी कापडवाल्यानं डोकं घातलं ते बाहेर काढलं नाही. तो आत आला, पडदा नीट लावला आणि हळूच म्हणाला, “बाशा, तो कागद... मलाही मिळेल का? माझे तळपाय सपाट आहेत.”

“तुलासुद्धा तुझ्या आत्यानं सांगितलं?” बक्रीननं विचारलं.

“आईनं. तुझी आत्या आमच्याकडेच यायची ना भाकरी भाजायला.”

मग रांगच लागली. सपाट पाय, मोतीबिंदू, एका कानानं कमी ऐकू येणं. बक्रीन आणि झैदान सोडून डोंगराखाली माणसं पुरणारे आणखी चौघं होते, चौघंही आले. ब्रिगेडियर घोंगडीतून जीभ बघत, कर्नल लिहीत, आणि फदीला तंबूच्या फटीतून काळ्या चहाचे पेले आत सरकवत म्हणायची, “हा घ्या शिक्का.” बक्रीनच्या थापेबद्दल कुणी बोलेनासं झालं. जो तो स्वतःचा कागद घडी करून खिशात घालत होता.

तिसऱ्या दिवशी, ऐन दुपारी, बाहेर चिटपाखरू नसताना झैदान आला.

“मी आपला सहज आलो,” तो म्हणाला.

“जीभ,” ब्रिगेडियर म्हणाले.

जीभ गुलाबी होती. नाडी उत्तम, दात बत्तीस, तळपाय छान कमानदार. कर्नलांनी छाती ठोकून पाहिली तर नगाऱ्यासारखी वाजली.

“अभिनंदन,” ब्रिगेडियर म्हणाले. “सैन्यसेवेस पूर्ण पात्र.”

झैदानच्या पायाखालची वाळू सरकली. “बाशा, काहीतरी बघा ना! मला... मला रात्री ढेकर येतात!”

“चाळीस वर्षांत मी धडधाकट माणसाला अपात्र ठरवलं नाही. आता या वयात ठरवणार नाही.”

“उद्या दहा माणसं पुरायची आहेत मला! गुडघ्याएवढ्या वाळूत उभा असतो मी!”

ब्रिगेडियरांनी डोळे मिटले. झैदाननं बक्रीनकडे पाहिलं. तीन दिवसांत त्यानं पहिल्यांदाच त्याच्याकडे पाहिलं होतं. बक्रीन घोंगडीतून हात बाहेर काढून काढ्याचा घोट घेत होता.

“बाशा,” बक्रीन सावकाश म्हणाला, “हा माझ्या सासूचा एकुलता एक मुलगा आहे.”

ब्रिगेडियरांनी एक डोळा उघडला. “मग आधी का नाही सांगितलंत? एकुलत्या एकाला कायद्यानंच सूट आहे. वहबा, लिही.”

कर्नलांनी लिहिलं. झैदाननं हात पुढे केला, पण काढा खाली ठेवून शिक्क्याचा चहाचा पेला बक्रीननं उचलला होता, आणि तो कागदावर टेकायचं काही नाव घेईना.

“आधी सांग,” बक्रीन म्हणाला, “तू किती वेळा गेलास वाळूत?”

झैदाननं तंबूच्या छताकडे बघितलं. “सांगितलं ना मागे. दर वर्षी...”

पेला वर गेला.

“एकदाही नाही,” झैदान म्हणाला.

“मोठ्यानं सांग. डॉक्टरांना एका कानानं कमी ऐकू येतं.”

“एकदाही नाही!”

तंबूबाहेर फदीला हसली, आणि तिच्यामागून आणखी पुष्कळ जण हसले. चिटपाखरू नव्हतं म्हणतात ते काही खरं नव्हतं. बक्रीननं शिक्का दाबला, कागद मेहुण्याच्या हातात दिला, आणि त्याला पोचवायला उठला. दारापर्यंत गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की उठताना आपण कशालाच धरलं नव्हतं.

“आत जा, अबू जिब्रील,” बाहेरून कापडवाला ओरडला. “वारा लागतोय. पुन्हा पहिल्या दिवसापासून!”