शाईचं अनेकवचन

‘शाया’ हा शब्द आमच्या घरात मी एकटाच वापरतो. ‘माझ्या शाया कुठे ठेवल्या?’ असं विचारलं की बायको आधी शब्दाला हरकत घेते आणि मग शायांना. तिचं म्हणणं, शाईला अनेकवचन नसतं. पाणी, दूध, रॉकेल, तशी शाई. माझी दुधं कुठे आहेत, असं कोणी विचारतं का? मी म्हणतो, घरात अनेक आहेत म्हणजे वचनही अनेक आहे. व्याकरणाने वस्तूंच्या मागून चालावं, पुढून नाही. हे वाक्य मला स्वतःला फार आवडतं. घरात ते अजून कोणी पूर्ण ऐकून घेतलेलं नाही.

या शाया सगळ्या निळ्या आहेत, हे मी लपवत नाही. किती आहेत ते मात्र सांगणार नाही. ‘दीड डझनाच्या आसपास’ असं मी बरीच वर्षं सांगत आलोय, आणि ‘आसपास’ या शब्दात बऱ्याच बाटल्या मावतात. लाल शाई मास्तरांची, हिरवी साहेबांची, आणि काळ्या शाईने लिहायला घेतलं की आपण कोणावर तरी दावा ठोकतोय असं मला वाटतं. निळी आपली. पण निळी म्हणजे कुठली, तिथून माझं आणि जगाचं वाजतं.

ओल्या असताना सगळ्या निळ्या सख्ख्या बहिणी दिसतात. वाळल्या की एकेकीचा स्वभाव कळतो. एक जांभळ्याकडे झुकते. एक हिरवट होते आणि मोरचुदाची आठवण देते. एकीचा थेंब जिथे जाड साचतो तिथे कडेला तांबूस चमक येते, ती कागद तिरका धरल्याशिवाय दिसत नाही. एक आठवड्याभरात धुतलेल्या गणवेशासारखी फिकी पडते, तरी मी तिने लिहितो, कारण तसं फिकं पडणं बाकीच्यांना जमत नाही. ऑफिसात लोक माझं पेन सहीला मागतात, दोनदा झटकतात आणि ‘चालत नाही हो हे’ म्हणून परत देतात. मी एका निळीतून दुसऱ्या निळीत गेलो तर आजतागायत कोणाच्या लक्षात आलेलं नाही. न येवो. मी काय लोकांच्या लक्षात यावं म्हणून शाई बदलतो?

हे सगळं सुरळीत चाललं होतं, आणि डोंबिवलीतली आमची इमारत रिडेव्हलपमेंटला गेली. नवी उभी राहीपर्यंत भाड्याने राहायचं. मुलीचं ऑफिस ठाण्याला, म्हणून कोलशेतला एका उंच टॉवरमध्ये जागा बघितली. जागा छान होती, पण पांढरी. भिंती पांढऱ्या, फरशी पांढरी, स्वयंपाकघराचा ओटासुद्धा पांढरा. मालक सज्जन होता. त्याने एकच अट घातली, आणि ती माझ्या बोटांकडे बघत घातली. ‘फक्त डाग नको हं.’ त्या दिवशी माझ्या बोटांवर जांभळ्याकडे झुकणारी होती.

घरी आल्यावर बायकोने निकाल दिला.

“बाटल्या तिकडे येणार नाहीत.”

“अगं, पण—”

“एक घ्या. सगळ्या निळ्याच आहेत ना?”

हे ‘सगळ्या निळ्याच आहेत ना’ मी शेजाऱ्यांकडून ऐकलंय, मेव्हण्यांकडून ऐकलंय, एकदा तर शाईच्या दुकानदाराकडूनच ऐकलंय. पण या वेळी त्याला टेम्पोची तारीख चिकटलेली होती. बुटांच्या ज्या खोक्यांत माझ्या बाटल्या राहतात, ती खोकी भंगारवाल्याच्या ढिगाऱ्याशेजारी मांडली गेली. ढिगाऱ्यात नाही. शेजारी. बायको सुशिक्षित आहे, ती विचार करायला वेळ देते.

मी म्हटलं, “नवरात्रात रॉयल ब्लूच्या दिवशी तू गडद निळी साडी का नाही नेसलीस? कल्याणच्या बहिणीकडून आणवलीस ना दुसरी? तेव्हा नाही म्हणालीस, सगळ्या निळ्याच.”

“साडी सांडत नाही,” ती म्हणाली.

आमची मुलगी टेपने खोकी बंद करत बसली होती. ती ऑफिसात लोकांच्या तक्रारी निकालात काढते, त्यामुळे घरातही तिला तक्रार दिसली की हात शिवशिवतात. ती म्हणाली, “बाबा, परीक्षा घेऊ. मी कागदावर पट्टे ओढते, नावं लपवते. जी ओळखाल ती येणार. जी नाही ओळखलीत ती इथेच.”

“घे की,” मी म्हणालो. माणसाने ज्या वेळी गप्प बसायला हवं, नेमका त्याच वेळी माझा आवाज खणखणीत लागतो.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर परीक्षा झाली. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूवर मुलीने कान साफ करायच्या काड्या बुडवून पट्टे ओढले आणि खाली आकडे टाकले. कुठल्या आकड्याची कुठली शाई, ते तिच्या मोबाइलमध्ये. मी आधी कागदाला नावं ठेवली, मग उजेडाला. ट्यूबलाइटमध्ये निळा रंग ओळखणं म्हणजे फोनवर माणसाचा वर्ण ओळखणं. सगळे गॅलरीत आलो. तिथे शेजारच्या इमारतीच्या हिरव्या पत्र्यावरून येणारा उजेड होता, त्यावरही मी काही बोलणार होतो, पण आई म्हणाली, “अरे, नाचता येत नसेल तर तसं सांग.” आई ऐंशीच्या पुढची आहे. नुकतंच तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, आणि तेव्हापासून ती सगळ्यांकडे आपण नीट पुसलेले नाही आहोत अशा नजरेने बघते.

पहिला पट्टा मी ओळखला. दुसराही. तिसऱ्याला मी कागद नाकाशी नेला तेव्हा मुलगी ओरडली, “वास नाही घ्यायचा.” तिथून माझी घसरण सुरू झाली, कारण खरं सांगायचं तर पहिल्या दोन मी नाकानेच ओळखल्या होत्या. त्यानंतर हिरवटला जांभळट म्हणालो. एकाच शाईचे दोन पट्टे तिने मुद्दाम लांब लांब ओढले होते, त्यांना दोन वेगळी नावं दिली आणि दोघींतला फरकही समजावून सांगितला. बायको मान डोलावत ऐकत होती. तिची ती मान मी ओळखतो. लग्नाच्या पंगतीत भटजी चुकला की ती तशीच डोलावते.

मग आला नववा पट्टा. त्याच्यापाशी मी थांबलो. स्वच्छ, उघडा, किंचित जांभळी झाक असलेला निळा. उगाच गडद व्हायची हौस नाही, पाणचटही नाही.

“ही,” मी म्हणालो, “माझी सगळ्यात चांगली शाई. परदेशी. चष्म्याच्या पैशांतून घेतलेली. बघा, बाकीच्या कागदावर नुसत्या बसल्यात. ही आतून उजळलीय. याला म्हणतात रंग. याच्यासाठी माणूस शाई घेतो.”

आईने पदर तोंडाला लावला. मला वाटलं, भरून आलं.

“अरे,” ती म्हणाली, “ती नीळ आहे.”

“निळीच आहे आई, पण कुठली निळी, तेच तर—”

“निळी नाही रे. नीळ. उशांच्या अभ्र्यांना घालतो ती. मीच दिली बाटली हिच्या हातात.”

मुलगी गॅलरीच्या ग्रिलला धरून हसत होती. बायको हसली नाही. ती आत जाऊन सगळ्यांसाठी चहा ठेवायला लागली, आणि त्याच्याइतका वाईट निकाल मला आयुष्यात लागलेला नाही.

एकूण निकाल असा की अटीप्रमाणे माझ्याबरोबर दोन बाटल्या जाणार होत्या, त्याही वास घेतल्याबद्दल रद्द व्हायच्या होत्या. आता कुणी शहाणा माणूस असता तर चहा पिऊन गप्प बसला असता. मी चहा प्यायलो. गप्प बसणं काही जमलं नाही. चूक माझी होती, शिक्षा शायांना होत होती. मला ओळखता आल्या नाहीत म्हणून त्या सगळ्या एक कशा झाल्या? परीक्षेत नापास मी झालो होतो. त्या नव्हत्या.

मी स्वयंपाकघरात गेलो. तिथे डाळींचे डबे बांधायला काढून ठेवले होते. मी दोन डबे उचलले, बाहेर आणले आणि टीपॉयवर उघडून ठेवले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगून झालेली आहे. मला तूरडाळ आणि चणाडाळ ओळखता येत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, अजून नाही. एकदा बायको कल्याणला बहिणीकडे गेलेली असताना मी आईसाठी चणाडाळीचं वरण लावलं. कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या, डाळ काही शिजायला तयार नाही. आईने ते भातावर घेतलं, दोन घास खाल्ले आणि म्हणाली, “उसळ बरी झालीय.”

तर मी डबे ठेवले आणि म्हणालो, “यातली तूर कुठली आणि चणा कुठली, मला सांगता येत नाही. दोन्ही पिवळ्या. आपण तिकडे एकच घेऊन जाऊ. ओटा लहान आहे.”

आई दोन्ही डब्यांत डोकावली. “मग वरण कशाचं करणार?”

“तेच म्हणतोय मी. आणि डाळीचं अनेकवचन होतं ना? डाळी. तेव्हा तर कोणी हरकत घेत नाही.”

“डाळ खातात हो,” बायको म्हणाली.

“आणि शाई बघतात. नुसतं बघायला म्हणून घरात काहीच आणलेलं नाही का? शोकेसमधला तो काचेचा हंस कोण खातं?”

“हंस माझ्या बहिणीने दिलाय,” आई म्हणाली. “त्याला मध्ये आणू नकोस.”

“आणि मला नीळ आवडली, तर आवडली. मी एक शब्दही परत घेणार नाही. रंग चांगलाच होता. तो अभ्र्यांना घालतात हा काय रंगाचा दोष झाला?”

मुलगी म्हणाली, “आई, पॉइंट आहे बाबांचा.” बायकोने तिच्याकडे बघितलं, मग डब्यांची झाकणं लावली आणि ‘तुमच्याशी कोण वाद घालणार’ म्हणत ते आत घेऊन गेली. आमच्या घरात या वाक्याचा अर्थ ‘हो’ही होतो आणि ‘अजिबात नाही’ही. खोकी ढिगाऱ्याशेजारीच राहिली. मी रोज ऑफिसातून आलो की आधी ती आहेत ना बघायचो. ढिगारा वाढत होता. तो खोक्यांना टेकला, तेव्हा मी ती हातभर लांब सरकवली. दुसऱ्या दिवशी ती परत जवळ आलेली.

टेम्पोच्या दिवशी सकाळी मी खोकी उचलली आणि ती हलकी लागली. उघडून बघितली. रिकामी. एकूण एक.

मी काय काय बोललो ते लिहीत नाही. ‘मीही येत नाही’ इथपर्यंत गेलो होतो, एवढं आठवतं. जिन्यात हमाल आमचं कपाट अर्ध्यावर धरून उभे, आणि मी दारात आडवा. माझ्याशिवाय ही इमारत पाडून दाखवा, असंही म्हणालो असेन. बायको खालून वर आली. तिच्या दोन्ही हातांत आमचा मोठा कुकर होता, झाकण लावलेला, वर शिट्टीसुद्धा बसवलेली.

“हा टेम्पोत द्यायचा नाही,” ती म्हणाली. “मांडीवर घेऊन बसा.”

“कुकर?”

“उघडू नका. जुन्या साड्यांचे तुकडे करून एकेक गुंडाळलीय. सगळ्या मावल्या नाहीत, उरलेल्या छोट्या कुकरमध्ये आहेत. किती हो आहेत?”

“दीड डझनाच्या आसपास,” मी म्हणालो.

सगळ्या तिनेच गुंडाळल्या होत्या, म्हणजे मोजल्याही असणार. मी डोंबिवलीहून कोलशेतपर्यंत कुकर मांडीवर घेऊन गेलो. रिक्षावाल्याने आरशातून विचारलं, “काका, गरम आहे का?” मी म्हटलं, “निळं आहे.” त्याने आरसा दुसरीकडे वळवला.

तिकडे पोचल्यावर कुकर उघडला तेव्हा वरच्या थरात एक प्लास्टिकची छोटी बाटलीही निघाली. निळीची. तिलाही साडीचा तुकडा गुंडाळला होता. हा टोमणा होता की कबुली, ते मी विचारलं नाही. तीही बाकीच्यांच्या रांगेत ठेवली. पेनात भरायची माझी हिंमत नाही, पण काडीने एक पट्टा ओढून ठेवलाय, आणि अजूनही म्हणतो, चांगला आहे.

आता कोलशेतला येऊन दिवाळी होऊन गेली. पेन मी बाथरूममध्ये उभा राहून भरतो, खाली जुना टॉवेल टाकून. माझ्याकडून या घरात आजवर एक थेंब पडलेला नाही. गेल्या आठवड्यात मालक पुढच्या भाडेकरारावर सही करायला आला, आणि त्याची नजर सरळ ओट्यावर गेली. पांढऱ्या ओट्यावर, गॅसच्या शेजारी, तळहाताएवढा डाग. पिवळा.

तो गेल्यावर मी ओट्यापाशी गेलो. वाकून बघितलं, डोकं तिरकं करून बघितलं.

“हळदीचा का गं हा?” मी विचारलं. “नाही, पिवळाच आहे ना, म्हणून म्हटलं.”

बायको ओटा घासत होती. तिने वर बघितलं नाही.

“लिंबाच्या लोणच्याचा,” ती म्हणाली. “हळदीचा पिवळा वेगळा असतो. तुम्हाला नाही कळायचं.”